पेन्सिलीतला हात

शटरला दोन कुलपं होती. एक बालाजीचं, रोजचं. दुसरं नवंकोरं, पितळी, आणि ते कुणी लावलं हे सांगायला आसपास कुणी नव्हतं. समोरच्या चहावाल्याकडे त्यानं पाहिलं तर तो घाईघाईनं दूध ढवळायला लागला. एरवी झेरॉक्सचं दुकान उघडायच्या आधी बालाजीच्या हातात कप असायचा. आज कपही नाही आणि रामरामही नाही.

बालाजीनं कुलपाला हात लावला नाही. मोटारसायकल वळवली आणि सरळ घर गाठलं. वाटेत पारावर बसलेली पोरं फोनमध्ये डोकी घालून मोठमोठ्यानं काही वाचत होती, ती त्याला पाहून एकदम गप्प झाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं त्याला वाटून गेलं.

बालाजी मुळातच भित्रा. आभाळात जरा गडगडलं की टीव्हीची वायर काढून घरातल्यांना मधल्या खोलीत बसवणारा माणूस. मनिषा, त्याची बायको, त्याच्या या स्वभावाची माहेरी जाऊन नक्कल करायची. पण आज तिनंही नक्कल केली नाही. पहाटेच लेकीला तिनं बोरीला मामाकडे पाठवून दिलं होतं.

हे सगळं घडवलं होतं बालाजीच्या धाकट्या भावानं. नागसेन परभणीला कॉलेजात इतिहास शिकवतो. परवा तो आईबापाला भेटायला आला आणि वडिलांची चित्रांची पेटी उघडून बसला. किशनराव म्हणजे आख्ख्या पंचक्रोशीचे ‘ड्रॉईंगचे सर’. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत वेरूळ, अजिंठा, औंढा असं हिंडून त्यांनी जुनी शिल्पं कागदावर उतरवून घेतली, ती सगळी या पेटीत. त्यातलं एक चित्र आपल्याच गावातलं निघालं. नागसेननं फोनवर ते स्कॅन केलं आणि फेसबुकवर टाकलं: ‘शेलवाडीच्या ओढ्यावर शेंदराखाली बुद्ध बसले आहेत. माझ्या वडिलांनी स्वतः पाहून काढलेलं चित्र.’

ओढ्यावरच्या त्या दगडाला सगळं गाव जोगाई म्हणतं. लेकरू आजारी पडलं की तिथं दहीभात जातो, नवं लुगडं आधी तिला दाखवतात. काल संध्याकाळपर्यंत नागसेनचं चित्र गावातल्या फोनाफोनांतून फिरलं, आणि देवस्थान सांभाळणाऱ्या चन्नप्पाशेठच्या मुलानं, शिवप्रकाशनं, गावच्या ग्रुपवर लिहिलं, ‘उद्या दिवेलागणीला सरांच्या घरी जायचं. जाब विचारायचा.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. बालाजीच्या दुकानाचा गाळा चन्नप्पाशेठचाच होता.

“दुसरं कुलूप ठोकलंय,” दारातून आत येता येता बालाजी म्हणाला. “झालं माझं दुकान.”

बैठकीच्या खोलीत सगळे होते. नागसेन खुर्चीवर. मानवतहून पहिल्या एसटीनं आलेली थोरली बहीण धम्मशीला सतरंजीवर. आई कुसुमबाई उंबऱ्याला टेकून लसूण सोलत होत्या. लसणाची आज कुणाला गरज नव्हती, पण रिकाम्या हातानं बसणं त्यांना जमत नव्हतं.

“कुणी ठोकलं?” नागसेननं विचारलं.

“मला काय ठाव? इचारायची बी चोरी हाय आता.”

“मंग पोलिसात तक्रार दे. मी येतो संगं. हे बेकायदेशीर हाय भाऊ.”

“तू येतो आन् सांच्याला परभणीला जातो,” बालाजीचा आवाज चिरकला. “पोलीस बी जाते. मी कुटं जाऊ? तुझ्या कायद्याच्या पुस्तकात मी निजू का?”

“तुमी सगळे असे भ्यालात म्हणूनच...”

“नागसेन,” धम्मशीला म्हणाली, “पण तू लिहिलंस ते खरं असंल तर मागं घ्यायचं न्हाई. मी त्यासाठी आले. आपल्या बापानं काढलंय, कुणाच्या बापाची भीती हाय?” तिच्या शाळेत तिनं अशी किती भांडणं जिंकली होती. तिचं मानवतचं घर पक्क्या वस्तीत, शेजारी वकील. बालाजीनं मनातल्या मनात तेही मोजलं.

“माय, तू बोल की,” तो म्हणाला.

कुसुमबाईंनी लसणाचं फोलपट फुंकलं. “मी काय बोलू? नामांतराच्या सालाला आपली गल्ली पेटली तवा बी अशीच चर्चा चाललेली व्हती. कोण म्हणे गावातले करणार न्हाईत, कोण म्हणे करतीन. चर्चा संपायच्या आत छप्पर पेटलं.” मग नवऱ्याच्या बंद दाराकडे पाहून त्या पुढं म्हणाल्या, “माझ्या कडंवर हा बालाजी, डोक्यावर जवारीचं गठुडं. आन् सरांच्या डोक्यावर काय, तर चित्राची पेटी. लेकरू बाईकडं, कागदं मालकाकडं.”

ही गोष्ट त्या दर लग्नात सांगत आणि सगळे हसत. बालाजीही हसायचा. पण त्या रात्रीचा तुराट्यांच्या ढिगाचा वास, ज्यात आईनं त्याला कोंबून ठेवलं होतं, तो त्याला अजून पावसाळ्यात येतो. पेटी नंतर नव्या घरात पाटावर ठेवली गेली, तिला वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातला जायचा. पेटीचा त्याला लहानपणापासून राग होता. कुणाला सांगण्यासारखा राग नव्हता तो.

दार उघडलं. किशनराव डोळ्यांत औषध घालून पडले होते ते उठून आले. ऐंशीला टेकलेला काटक माणूस, बंडीच्या खिशाला अजून शाईचा डाग. त्यांनी कुणाकडेही न पाहता हात पुढं केला. “फोन दाखव. सगळे माझ्या चित्रावर बोलायलेत अन् मीच पाह्यलं न्हाई.”

नागसेननं फोन दिला. सरांनी तो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

“हे माझं चित्र न्हाई,” ते म्हणाले.

बालाजीचा जीव भांड्यात पडला. “बघा! मी म्हणतच व्हतो!”

“गप. चित्र माझंच हाय. पण हे काय करून ठेवलंस तू, नागसेन? उजवा हात शाईत कसा आला?”

नागसेन गोंधळला. “स्कॅन करताना ते ॲप काळं-पांढरं करतं बाबा. अंधुक असंल ते गडद करतं.”

“अंधुक असंल ते गडद करतं,” सरांनी सावकाश म्हटलं. मग पेटीतून मूळ कागद काढून त्यांनी सतरंजीवर पसरला. पिवळा पडलेला जाड कागद. मांडी घालून बसलेली मूर्ती, नाक झिजलेलं, छातीवरून एक चीर गेलेली. सगळ्या रेषा टाकानं ओढलेल्या, काळ्या. फक्त उजवा हात कोपराच्या खाली पेन्सिलीचा, फिकट करडा, गुडघ्यावरून खाली जमिनीकडे गेलेला.

या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. डोळ्यांनी पाहिलं ते शाईत, मनानं जोडलं ते पेन्सिलीत. शाळेत तुटलेल्या नाकाला पुरं नाक काढणाऱ्या पोराला सर पट्टी मारायचे. ‘दगडाला न्हाई ते तुझ्याकडं कुटून आलं?’ म्हणायचे.

“बहात्तरच्या दुष्काळानंतर जोगाईच्या शेंदराची खोळ आपोआप गळून पडली,” सर म्हणाले. “चन्नप्पाच्या वडलांनी मला बोलावलं. नवा शेंदूर चढायच्या आत चित्र काढून ठिवा म्हणले. हात कोपरापासून तुटलेला व्हता. मंग मी बोटानं चाचपलं. गुडघ्याखाली दगडावर चार खुणा लागल्या. बोटं टेकल्यावानी.”

“म्हणजे भूमीला हात लावलेला! बुद्धच!” नागसेन अर्धा उठला.

“बुद्ध असंल. जैनाचा तीर्थंकर हात असा न्हाई ठेवत, एवढं ठाव हाय. देवी असंल तर कोणती, ते मला सांगता येत न्हाई. शाई लावायला पुरावा कमी पडला, अन् खोडून टाकायला मन झालं न्हाई. म्हणून पन्नास वर्सं तसाच ठेवला.”

“मंग आज येणाऱ्या लोकायला काय सांगणार?” बालाजीनं विचारलं.

“हेच.”

“चार खुणा बी सांगणार?”

“इचारलं तर सांगीन.”

बापाला बालाजी ओळखून होता. बाहेर तीस-चाळीस तापलेली पोरं उभी असताना हा माणूस चार बोटांच्या खुणा तपशिलात सांगणार, वर ‘बुद्ध असंल’ असंही म्हणणार.

“बाबा, न्हाई सांगितलं तर काय बिघडतंय?” हे बालाजी नाही, धम्मशीला म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज आता शाळेतला राहिला नव्हता. “मी म्हणलं व्हतं खरं असंल तर मागं घ्यायचं न्हाई. पण हे खरं हाय का अंदाज हाय, ते तुमालाच ठाव न्हाई. अंदाजापायी भावाचं घर जाऊ द्यायचं का?”

“आक्का, तू बी?” नागसेन म्हणाला.

“मी बी काय? तू शिकलेला हायस, तुला फिकट अन् काळं वेगळं दिसलं न्हाई?”

नागसेननं मान खाली घातली. त्याला दिसलं होतं, हे त्याच्या मानेवरून सगळ्यांना कळलं. मग तिघांचेही आवाज चढले. परभणी विरुद्ध शेलवाडी, मानवत कधी इकडे कधी तिकडे. कुसुमबाई मध्येच ओरडल्या, “हळू, भिंतीला कान हायत.” दिवस मावळायला आला तरी भांडण सुरूच होतं. सरांच्या डोळ्यांत पुन्हा औषध घालायची वेळ झाली म्हणून मनिषा त्यांना आत घेऊन गेली. कागद सतरंजीवरच राहिला.

बालाजीनं तो उचलला. “पेटीत ठिवतो,” असं म्हणाला, आणि कुणी ऐकलंही नाही.

मधल्या खोलीत लेकीचं दप्तर खुंटीला होतं. कंपासपेटीतलं रबर त्यानं काढलं तेव्हा आपण काय करतोय हे त्याला पक्कं माहीत होतं. हात असला तर कुणी तरी हाताचं विचारणार. हात नसला तर कोण विचारतंय? शाई असती तर इलाज नव्हता. पेन्सिल होती हे नशीबच. त्याला स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं. बोटं आधी निघाली, मग तळवा, मग मनगट. तो जोरजोरात घासत गेला, कारण बाहेर कुठंतरी मोटारसायकली थांबल्याचा आवाज आला होता. त्या पुढे निघून गेल्या. त्यानं भुसा फुंकला आणि कागद दिव्याखाली धरला.

पेन्सिल गेली होती. पण पन्नास वर्षांचा पिवळेपणाही तिच्याबरोबर गेला होता. जिथं हात होता तिथं कागद दुधासारखा पांढरा झाला होता आणि वर मऊ लव उठली होती. पिवळ्या कागदावर आता एक पांढरा हात स्पष्ट दिसत होता, आधीपेक्षा जास्त.

बालाजीनं चहाच्या पाण्यात बोट बुडवून तो भाग पिवळा करायचा विचार केला. तेवढ्यात खरंच गाड्या थांबल्या. त्यानं बैठकीत येऊन कागद पेटीत सारला.

पोरं अंगणाबाहेर उभी राहिली. बरीच होती, रस्त्याच्या दिव्याखाली नुसते खांदे दिसत होते. आत दोघंच आले. चन्नप्पाशेठ, पांढरी टोपी, कपाळावर भस्म, चप्पल बाहेर काढून. मागे शिवप्रकाश, हातात फोन. कुसुमबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीला चिकटल्या. बालाजी पेटीवरच बसला.

“सर,” चन्नप्पाशेठ वाकून पाया पडले, कारण आठवीला ते सरांच्या वर्गात होते. “बालाजी, दुकानाला कुलूप मी लावलंय बरं का. काल पोरं लय गरम व्हती. म्हणलं कुणी शटर उचकटू नये. सकाळी सांगायचं राहून गेलं.”

सकाळपासून ज्या कुलपानं बालाजीच्या तोंडचं पाणी पळवलं ते त्याच्याच राखणीला होतं.

“बसा शेठ,” सर म्हणाले.

“बसत न्हाई सर, पोरं उभी हायत. ह्यांचं डोकं थंड करू अन् जाऊ.” शेठ मुलाकडे वळले. “मी ह्याला काल रातीपासून सांगायलोय. सरांनी चित्र काढलं तवा मी दौत धरून उभा व्हतो. सरांनी तो हात शाईत काढलाच न्हाई. पेन्सिलीत काढला. म्हणजे सरांनी काय म्हणलं, की हे मी पाह्यलं न्हाई, हा माझा अंदाज. बुद्ध म्हणलं न्हाई अन् जोगाई म्हणलं न्हाई. सर, तेवढा मूळ कागद दाखवा ह्या पोरायला. एका मिनटात मिटतंय.”

खोलीत क्षणभर इतकं हलकं वाटलं की मनिषानं पाण्याचा तांब्या भरायला घेतला. नागसेननं सुटकेचा श्वास सोडला. “आणतो की,” तो उठला आणि म्हणाला, “भाऊ, सरक.”

बालाजी सरकला नाही.

“भाऊ?”

त्याला सरकावंच लागलं. नागसेननं कागद वर काढला, तसाच शेठच्या हातात दिला. बघितला नाही. बालाजीला आता अंगणातल्या पोरांची नाही, त्या कागदाची भीती वाटत होती.

चन्नप्पाशेठनी चष्मा लावला. कागद दिव्याकडे धरला. बराच वेळ धरला.

“सर, पेन्सिल कुटाय?”

शिवप्रकाश पुढं झाला. त्यानं अंगठा त्या पांढऱ्या भागावरून फिरवला, लव अंगठ्याला लागली. “पप्पा, हे आत्ता खोडलंय. बगा, ताजं हाय.” त्याचा आवाज चढला तसा अंगणातून कुणीतरी ओरडलं, ‘काय झालं रे?’ “आधी काळ्या शाईत हात काढून फेसबुकवर टाकला. आता आपण येणार म्हणून खरवडून टाकला. तुमी पेन्सिल पेन्सिल करायलात, अन् हे आपल्याला येडं समजायलेत.”

“शिवप्रकाश, थांब...”

“काय थांबू? तुमची बी इज्जत ठेवली न्हाई त्यायनी.”

शेठचा चेहरा उतरला. पोरांच्या पुढं त्यांनी आपला शब्द टाकला होता, आणि तो कागदावर नव्हता. फाटकाची कडी वाजली. कुणीतरी आत पाऊल टाकलं. कुसुमबाईंच्या तोंडून बारीक आवाज निघाला, आणि बालाजीला पुन्हा तुराट्यांचा वास आला. एकच वाक्य बोलायचं होतं: मी खोडलं. पण बाहेरच्या सगळ्यांचे डोळे मग आपल्यावरच येतील, एवढंच त्याला दिसत होतं.

किशनरावांनी कागदाकडे पाहिलं. डोळे अधू होते, पण तेवढा पांढरा भाग त्यांना दिसला. मग त्यांनी पेटीशेजारी उभ्या असलेल्या थोरल्या मुलाकडे पाहिलं. त्याच्या पँटवर रबराचा काळा भुसा पडला होता.

“मी खोडलं,” सर म्हणाले.

“बाबा...” नागसेन.

“तू गप बस. चन्नप्पा, तुझं बरोबर हाय. हात पेन्सिलीतच व्हता. आज मीच खोडला.”

“कामून सर?”

सर जरा थांबले. वर्गात अवघड रेघ ओढायच्या आधी थांबायचे तसे. “चुकीचा व्हता म्हणून. दगडावर तसं काहीच नव्हतं. मी आपल्या मनानं जोडलं व्हतं. पोरानं ते जगाला दाखवलं, मला लाज वाटली. म्हणून खोडलं.”

शिवप्रकाशनं फोन वर केला. “हेच परत बोला. गावाला ऐकू द्या.”

“शिवप्रकाश, सरांना असं...” शेठ म्हणाले.

“बोलू दे त्याला. धर तो फोन.” सरांनी बंडी नीट केली आणि फोनकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द मोकळा करत सगळं पुन्हा सांगितलं. दगडावर काही खुणा नव्हत्या. हात मी मनानं लावला. माझी चूक झाली. धम्मशीलेनं तोंडाला पदर लावला. नागसेन भिंतीकडे पाहत उभा राहिला.

फाटकापाशी कुजबुज झाली, मग कुणीतरी हसलं. ‘सरांचंच चुकलं म्हणते.’ एक गाडी सुरू झाली, मग दुसरी. चन्नप्पाशेठनी कागद दोन्ही हातांनी सरांना परत दिला. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांच्या तोंडावरून ओळखता येत नव्हतं. पुन्हा पाया पडून ते गेले. जाताना त्यांनी नव्या कुलपाची किल्ली उंबऱ्यावर ठेवली.

मग घरात भांडण व्हायला हवं होतं, पण झालं नाही. नागसेननं एवढंच विचारलं, “बाबा, खोटं कामून बोललात? कुणी खोडलं ते?”

“मी खोडलं म्हणलो ना.”

“पण त्या खुणा...”

“जा आता, उशीर होतोय. परभणीचा रस्ता खराब हाय.”

नागसेन गेला. धम्मशीला मनिषासोबत भाकऱ्या टाकायला बसली आणि तिनं बालाजीकडे एकदाही पाहिलं नाही. कुसुमबाई सोललेला लसूण घेऊन आत गेल्या. बैठकीत दोघंच राहिले. सर सतरंजीवर कागद पसरून बसले होते, पांढऱ्या भागावर उठलेली लव बोटानं हळूहळू खाली दाबत होते.

“रबर कोणतं घेतलंस रे?” त्यांनी वर न पाहता विचारलं.

“पोरीचं. कंपासमधलं.”

“लय कडक असतंय ते. कागद सोलला. जुन्या कागदाला पावाचा मऊ गोळा लावावा लागतो, हळू हळू. तुला शिकवलं व्हतं मी.”

बालाजी खाली बसला. “आठवलं न्हाई बाबा. लय भ्यालो व्हतो.”

सरांनी बोट थांबवलं.

“मी बी,” ते म्हणाले.